ढेकूळ आणि गोटा

आपल्या कविता तांब्याच्या पत्र्यावर स्वहस्ते कोरून, छापून, त्यांत रंगही स्वतःच भरणारा लंडनचा कलावंत विल्यम ब्लेक याने १७९४ साली ‘साँग्ज ऑफ एक्स्पीरियन्स’मध्ये जी अवघ्या बारा ओळींची कविता घातली, तिच्यात प्रेमाच्या स्वरूपाविषयीचा तंटा मातीचे ढेकूळ आणि ओढ्यातला गोटा यांच्यात चालतो. गुरांच्या खुरांखाली तुडवलेल्या ढेकळाच्या मते प्रेम आत्मविस्मृत असते आणि नरकातही स्वर्ग उभारते. गोट्याच्या मते ते दुसऱ्यास स्वतःच्या सुखासाठी जखडते आणि स्वर्गाचाही नरक करते. दोन्ही पक्षांना कवीने सारखीच जागा दिली, फैसला मात्र दिला नाही. इतकेच नव्हे, तर अखेरचा शब्दही गोट्याकडे ठेवला.

पुष्कळ वाचक तत्काळ ढेकळाला कौल देतात. माझाही जीव त्या मऊ मातीतच गुंततो. परंतु तुडवले जाणे हेच ज्याचे प्राक्तन, त्याच्या समर्पणात स्वेच्छा किती आणि निरुपाय किती, हा प्रश्न प्रत्येक वाचनात मला अधिकच व्याकुळ करतो. आणि त्याच पानावर ब्लेकने चितारलेली मेंढरे व गुरे शांतपणे ओढ्याचे पाणी पीत असतात.