पिशवी गेली तरी भिंग बसतं

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबणारी माणसं अजूनही आहेत. ऊसतोड उरकू द्या, कापूस वेचून होऊ द्या, मग बघू! मधल्या काळात उसाचं पान नाहीतर पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागून गेलेली असते. ते डॉक्टरला सांगायचंही राहतं. असेच डोळे शस्त्रक्रियेच्या टेबलावर अवघड जातात.

नेहमीच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेलं भिंग काढून त्याच्याच पातळ पिशवीत कृत्रिम भिंग ठेवतात. बाजेचा सुंभ ताणलेला असावा, तशी ही पिशवी चहूबाजूंच्या तंतूंवर ताणलेली असते. मार लागला, मोतीबिंदू फार पिकला किंवा मारफानसारखा आनुवंशिक आजार असला की हे तंतू तुटतात. थोडेच तुटले असतील, तर आत प्लास्टिकची कडी सरकवून पिशवी सावरता येते. पिशवीच गेली तर?

मग भिंगाला डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीचा आधार देता येतो. पूर्वी ते बारीक धाग्याने शिवत. पण काही वर्षांनी धागा झिजून तुटला, की भिंग पुन्हा निसटे. २००७मध्ये चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी धागाच टाळला. भिंगाचे दोन्ही पाय, म्हणजे त्याच्या बाजूंचे बारीक आधार, भिंतीबाहेर ओढून ते बोगद्यासारख्या खाचेत खोचायचे आणि वरची झडप फायब्रिन ग्लूने चिकटवायची. जपानच्या शिन यामाने यांनी २०१७मध्ये मांडलेल्या पद्धतीत ग्लूही नाही. भिंतीतून दोन बारीक सुया तिरक्या घालायच्या, त्यांच्या पोकळीतून भिंगाचे पाय बाहेर काढायचे आणि टोकाला उष्णता द्यायची. टोक वितळून गाठ तयार होते. ती भिंतीत दाबली की पाय मागे सरकत नाही. हे सगळं केसाएवढ्या जाड पायांवर चालतं. सुयांचा कोन जरा चुकला तर भिंग तिरकं बसतं.

यातली कोणती पद्धत सरस, यावर हिरीरीने वाद होतात. अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने २०२०मध्ये अभ्यास तपासले, तेव्हा एकही पद्धत स्पष्टपणे वरचढ ठरली नाही. माझ्या मते, डॉक्टरचा हात कशावर बसलाय हेच जास्त महत्त्वाचं.

पहिल्या खेपेला भिंग बसलं नाही म्हणून डोळा गेला, असं समजून घरी बसू नका. डिस्चार्ज कार्ड जपा आणि पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे डॉक्टर असलेल्या रुग्णालयात दाखवा. जुना मार आठवत असेल, तर तो शस्त्रक्रियेआधीच सांगा.