गाऊन केलेले संशोधन (भाग ४)

मागच्या भागात आपण भातखंड्यांचे काम पाहिले. घराण्याघराण्यांतून बंदिशी मिळवायच्या, त्या स्वरलिपीत उतरवायच्या, रागांची थाटांत विभागणी करायची. तिथे संगीत हा अभ्यासाचा विषय होता. पण गाणे हीच अभ्यासाची पद्धत होऊ शकते का? १९९३ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी कलेविषयीचे संशोधन वेगळे आणि कलेतून केलेले संशोधन वेगळे, असा भेद मांडला. इंदुरात वाढलेल्या एका गवयाने ही दुसरी वाट कधीच धरली होती. ते गवई म्हणजे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४).

वडील शाहमीर खाँ सारंगिये. त्यांनी मुलाकडून मेरुखंड घोटून घेतला. मेरुखंड म्हणजे स्वरांच्या क्रमांची शिस्तवार मांडणी. सा, रे, ग हे तीनच स्वर घ्या : सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा, असे सहा क्रम होतात. चार स्वरांचे २४, सातांचे ५०४०. हे गणित तेराव्या शतकात देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त मांडले आहे. कोणता क्रम कितवा आणि कितवा क्रम कोणता, हे दोन्ही शोधण्याची रीतही त्यात आहे.

पण गणित फक्त शक्यता सांगते. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम घ्या, पंचम वगळा. उरलेल्या सहा स्वरांचे ७२० क्रम होतील. आता मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर नेमके हेच आहेत! मारव्यात रिषभ-धैवतावर भर आणि षड्ज दूर ठेवलेला. पूरियात गंधार-निषादाचे राज्य, वावर खालच्या अंगाने. सोहनी तार सप्तकात रमणारी. म्हणजे ७२०पैकी कोणती स्वरावली मारव्याची, हे नुसता क्रम पाहून ठरत नाही. कुठे थांबायचे, किती थांबायचे, कोणता स्वर ओझरता लावायचा, हे गाऊनच तपासावे लागते. खाँसाहेबांचा चौदा मात्रांच्या झुमऱ्यातला अतिविलंबित ख्याल या तपासणीला सवड देतो. स्वरावली मांडायची, पारखायची, रागात बसली तर पुढे न्यायची.

तराण्याचेही तसेच. त्यातले बोल निरर्थक नाहीत, त्यांमागे फारसी अर्थ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते म्हणणे त्यांनी तराण्यात फारसी ओळी गुंफून गायले. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेने १९६६मध्ये छापलेल्या 'म्युझिक ईस्ट अँड वेस्ट' या संग्रहात त्यांचा तराण्यावरचा लेखही आहे. सर्व अभ्यासकांना हे मत पटलेले नाही. पण ज्याचा प्रतिवाद करता येतो असे मत मांडणे, हेच तर संशोधनाचे पहिले लक्षण.

इंदुराशेजारच्या देवासला १९४८ साली क्षयाने आजारी कुमार गंधर्व येऊन राहिले. राग लोकधुनांतून उपजले, ही त्यांची धारणा. माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकून त्यांनी ती टिपली आणि त्या धुनांतून मालवती, संजारी, मधसुरजा असे 'धुनउगम' राग उभे केले. १९६५च्या 'अनूपरागविलासा'त त्यांची मांडणी छापील रूपात आहे. तिची परीक्षा मात्र मैफलीतच व्हायची.

तरीही प्रत्येक मैफल म्हणजे संशोधन नव्हे. प्रश्न ठरलेला हवा, पद्धत दुसऱ्याला वापरता यायला हवी आणि निष्कर्ष जाणकाराला पडताळता यायला हवा. या तिन्ही कसोट्यांना हे दोघे उतरतात. आपल्या विद्यापीठांत मात्र संगीतातली पीएच.डी. मुख्यतः लिखित प्रबंधावरच मिळते. प्रबंध हवाच, पण त्याच्या जोडीला उमेदवाराचे गाणेही पुरावा म्हणून तपासले जावे.

पुढच्या भागापूर्वी एक करा : अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐका आणि लगेच कोणाचाही पूरिया लावा. स्वर तेच असताना फरक कुठे पडतो, ते स्वतःच टिपून ठेवा.