संसारासकट समुद्रापार

चार दिवस परगावी जायचे म्हटले, तरी आपल्या घरातून केवढी गडबड उडते! कुलूप दोनदा ओढून पाहायचे, गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या जिन्यातून परत यायचे, शेजारच्या वहिनींकडे किल्ली द्यायची. पण ज्यांना कुलूप लावायला घरच मागे उरत नाही, जे घरच घेऊन दुसऱ्या देशी निघतात, त्यांची तयारी कशी असेल?

अशी बिऱ्हाडे पाहायची तर न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडील 'बे ऑफ आयलंड्स' या उपसागरातल्या ओपुआ नावाच्या चिमुकल्या बंदरात मे महिन्यात जावे. पस्तीस-चाळीस फुटी शिडाच्या होड्या तिथे ओळीने उभ्या असतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी डॉक्टर, कोणी सुतारकाम करणारा. बरोबर पत्नी, कधी शाळकरी पोरेही. जायचे फिजीला किंवा टोंगाला. अंतर सुमारे १,१०० सागरी मैल, म्हणजे दोन हजार किलोमीटर. वारा बरा असला तर आठ-दहा दिवसांचा प्रवास. नोव्हेंबर ते एप्रिल हा त्या बेटांकडचा चक्रीवादळांचा हंगाम. तो सरल्याखेरीज कोणी निघत नाही. नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय आपला कोळी होडी लोटत नाही, त्यातलाच हा प्रकार.

न्यूझीलंडची वाट आपल्या होड्यांनाही नवी नाही. गोव्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन दिलीप दोंदे २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला गेले, आणि २०१७ साली 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी गेल्या. दोन्ही होड्या न्यूझीलंडच्या लिटल्टन बंदरात विसावल्या होत्या. पण त्यांच्या पाठीशी सबंध नौदल होते. ओपुआच्या गृहस्थाच्या पाठीशी कोण? तो स्वतः आणि त्याने भरलेले सामान.

म्हणूनच तिथल्या सरकारने एक अट घातली आहे. न्यूझीलंडमध्ये नोंदलेली सहलीची होडी परदेशी निघाली, की १९९४ च्या सागरी वाहतूक कायद्याप्रमाणे तिला सुरक्षिततेचा दाखला लागतो. त्यासाठी तपासनीस होडीवर येतो, आणि मुलगी पाहायला आलेल्या चोखंदळ सासूने काय पाहिले असेल इतक्या बारकाईने पाहतो! जीवरक्षक तराफा कुठे आहे? वादळात लावायची जाड, आखूड शिडे आहेत का? डोलकाठी मोडून पडली तर तिच्या पोलादी तारा तोडायला भली मोठी कातर आहे का? नाहीतर तीच काठी लाटेबरोबर होडीच्या पोटाला धडका देत राहते. तळाशी पाणी आत-बाहेर नेणारी जी जी भोके असतात, त्या प्रत्येकापाशी मऊ लाकडाचे निमुळते बूच दोरीने बांधलेले हवे. नळी फुटली की काळोखात शोधत बसायला वेळ नसतो. होडी उलटीपालटी झाली तरी बॅटऱ्या, शेगडी, पायाखालच्या फळ्या जागच्या हलता कामा नयेत. पाणी उपसायला पंप हवेतच; पण दांडगी कडी आणि दोरी लावलेल्या बादल्याही हव्यात. घाबरलेल्या माणसाच्या हातातल्या बादलीसारखा पंप नाही, असे दर्यावर्दी म्हणतात. मला तर हे साऱ्या यादीतले सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते.

हा काटेकोरपणा कोणाला जाचक वाटेल. त्याने १९९४ च्या जूनमधले ते दिवस आठवावेत. न्यूझीलंडहून टोंगाकडे निघालेल्या होड्यांना भर समुद्रात भीषण वादळाने गाठले. नौदलाचे 'मोनोवाई', हवाई दलाची ओरायन विमाने आणि वाटेवरची इतर जहाजे धावली. एकवीस माणसे वाचली. 'क्वार्टरमास्टर' या होडीवरचे तिघे मात्र परत आले नाहीत. त्यांचा तराफा सापडला, तो रिकामा. आणि माणसांनी सोडून दिलेली 'रामथा' ही जोडहोडी पुढे तशीच तरंगत सापडली, मालकांना परतही मिळाली! होडी पुष्कळदा माणसापेक्षा चिवट ठरते. पायाखालचे तख्त खरोखर बुडू लागल्याखेरीज ते सोडू नये, हे तेव्हापासून अधिकच ठासून सांगितले जाते.

संकटसूचक यंत्राचे मोल असल्या वेळी कळते. मुठीत मावणारे ते यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक घालते, आणि त्याच्या क्रमांकावरून होडी कोणाची, घरी फोन कोणाला करायचा, हे किनाऱ्यावर उमगते. २१ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या अभिलाष टॉमींच्या 'थुरीया'ची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. तिसऱ्या दिवशी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. न्यूझीलंडच्या वाट्याला शोध व बचावासाठी आलेला टापू सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटरचा, भारताच्या नऊपट! त्यात हाक न घालणारी होडी कोण शोधणार?

परंतु एका एकांड्या नाविकाला हेही मान्य नव्हते. आपल्या परदेशी होडीत रेडिओ वा असले यंत्र न बाळगता तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला. खटला झाला, शिक्षा झाली. पण १९९८ साली अपील न्यायालयाने ती रद्द केली. परक्या निशाणाच्या होडीवर आंतरराष्ट्रीय नियमांपलीकडच्या अटी न्यूझीलंडला लादता येत नाहीत, असा निवाडा झाला. कायद्याने तो जिंकला हे खरे. मात्र त्याच्या शोधाला निघणाऱ्या वैमानिकालाही घरदार असते, ही बाजू मला नजरेआड करवत नाही.

होडीची तयारी पैशाने होते, माणसांची होत नाही. पुष्कळ कुटुंबांत सुकाणू, रेडिओ, इंजिन सारे यजमानांना येते आणि बाईंकडे स्वयंपाक. समजा, रात्री दोन वाजता यजमानच पाण्यात पडले. सहा नॉटच्या वेगाने होडी मिनिटाला १८५ मीटर पुढे जाते; लाटांत डोके दिसेनासे व्हायला तेवढे पुरते. मग बाई, शीड कोण उतरवणार? म्हणून दोघांनाही सारे यावे लागते, निघण्यापूर्वी उशी पाण्यात टाकून ती परत उचलण्याची तालीम करावी लागते, आणि रात्री तख्तावर येताना अंगावरचा पट्टा दोरीला अडकवल्यावाचून पाऊल टाकायचे नाही, हा नियम घरच्या देवासारखा पाळावा लागतो.

मुदपाकखान्याचे गणित आणखी निराळे. भरपूर भरावे तर पलीकडचा अधिकारी ताजी फळे, भाज्या, मांस काढून घेतो. कमी भरावे तर वारा पडल्यावर उपास. परतताना न्यूझीलंडमध्ये मधाची बाटलीही सुटत नाही. मुलाकडे ऑकलंडला फराळाचे डबे नेणाऱ्या आयांना विमानतळावरची ती चौकशी ठाऊक असेलच! शिवाय २०१८ पासून तिथे येणाऱ्या होडीचे बूड शेवाळ-शिंपल्यांवाचून स्वच्छ असावे लागते. पासपोर्ट, होडीची नोंद, आधीच्या बंदराचा निर्गमन दाखला, पुढच्या देशाला आगाऊ वर्दी, हे ओघाने आलेच.

सारे झाले की उरते ती वाट पाहणे. थंड वाऱ्याची आघाडी सरून नैर्ऋत्येचा वारा सुटला की निघायचे. कधी तीन दिवस, कधी तीन आठवडे. अमुक तारखेला फिजीत पाहुणे येणार आहेत म्हणून जो घाईने नांगर उचलतो, त्याची धास्ती वादळापेक्षा जास्त वाटते, असे जुने दर्यावर्दी सांगतात.

आणि सुवा किंवा सावुसावूचा किनारा दिसला तरी लगेच उतरायचे नाही. डोलकाठीच्या बाजूला पिवळे निशाण चढवून सगळ्यांनी होडीतच बसायचे. आरोग्य, जकात, पासपोर्ट यांचे अधिकारी येऊन जाईतो पोरांनीसुद्धा पाय जमिनीला लावायचा नाही. ते गेले की पिवळे निशाण उतरते आणि त्या जागी यजमान देशाचे छोटे निशाण चढते. पुष्कळदा ते वाटेतच, रात्रीच्या पहाऱ्यावर बसून हाताने शिवलेले असते.