वजनाला वजन

बंगळूरच्या अव्हेन्यू रोडवरून नगरथपेटेच्या गल्लीबोळांत शिरलं, की कन्नडच्या मधूनच माणदेशी मराठी कानावर येते. विटा, खानापूर, आटपाडीकडची ही गलाई मंडळी. दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि देशभरच्या सराफ बाजारांमागच्या खोल्यांत यांच्या भट्ट्या पेटल्या. जुने दागिने मुशीत वितळवायचे, ॲसिडनं शुद्ध करायचे आणि लगड गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, असं हे काम. एकदा लगड झाली की सोन्याला चेहरा राहत नाही. आजीची बोरमाळ कुठली आणि चोरीची साखळी कुठली, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

पोलिसांशी असलेलं या धंद्याचं जुनं दुखणं नेमकं इथंच आहे. कुठेतरी, पुष्कळदा परराज्यात, चोर सापडतो आणि माल कुठं विकलास विचारल्यावर एखाद्या दुकानाकडे बोट दाखवतो. मग साध्या वेशातली माणसं दारात उभी राहतात. गलाईवाल्यांची तक्रार ठरलेली असते: चोरीचं सोनं तर मिळत नाही, म्हणून ‘वजनाला वजन’ भरून द्यायला सांगतात. गाडीत बसण्यापेक्षा तिजोरी उघडलेली बरी, असं घाबरलेल्या माणसाला वाटतं. सोनं जातं, आणि ते कुणी, कधी, कोणत्या गुन्ह्यात नेलं याचा चिटोराही मागे राहत नाही.

कायदा इतका एकतर्फी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला कारण असताना तो घेणं हा गुन्हा. शिक्षा साधारणपणे तीन वर्षांपर्यंत. ‘मानायला कारण’ हे शब्द गलाईवाल्यानंही गांभीर्यानं घ्यायला हवेत. अनोळखी पोराकडून नाव-पत्ता न विचारता सोनं घेणाऱ्याला नंतर कायद्याची ढाल पुढे करणं जड जातं. ओळखपत्राची प्रत, वजन आणि तारीख लिहिलेली वही हा त्याचा पहिला वकील.

पण शिक्षा सात वर्षांपर्यंतचीच असेल, तर अटक आपोआप होत नाही. अर्नेश कुमार खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं हे पोलिसांना बजावलं. अटकेची गरज का आहे हे लिहून ठेवावं लागतं. गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची. ही नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असंही सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. नोटीस मिळाली की जायचं मात्र नक्की. न जाणं हेच अटकेचं कारण होऊ शकतं.

झडती-जप्तीचं चित्रीकरण आता याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार बंधनकारक आहे. जप्त मालाची यादी होते, तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या होतात. यादीत चढलेलं सोनं न्यायालयाकडे परत मागता येतं. सुंदरभाई देसाई खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की पंचनामा आणि फोटो करून असा माल लवकर सोडावा. ‘सामोपचारानं’ दिलेलं सोनं कुठल्याच यादीत नसतं, मग परत मागायचं कुणाकडे?

अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. दूरच्या राज्यात न्यायचं तर आधी इथल्या न्यायालयाकडून ट्रान्झिट रिमांड घेण्याची रीत आहे. म्हणून बाहेरचं पथक आलं तर घरच्यांनी आधी जवळचं पोलीस ठाणं गाठावं आणि पथकाची तिथं नोंद झाली आहे का ते विचारावं.

आता भाषेचं. बंगळुरात पंचनामा कन्नडात होणार, हे ओघानंच आलं. १९६२ मध्ये नागपूरच्या हरिकिसन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठासमोर भाषेचाच प्रश्न होता. स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली होती, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. हिंदीत तोंडी समजावलं, हा सरकारचा बचाव न्यायालयानं मानला नाही. पुढे मुंबईच्या वरळीतल्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या खटल्यात, ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या पीठानं सगळ्याच गुन्ह्यांना लागू होईल असा दंडक घातला. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच जमलं नाही तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. नाहीतर अटक बेकायदा. तेव्हा आटपाडीच्या माणसानं बंगळुरात मराठीत कारणं मागितली, तर तो मेहेरबानी मागत नाही.

सहीच्या बाबतीत एक बारकावा पुष्कळ शिकल्यासवरलेल्यांनाही माहीत नसतो. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसं सांगतं. पंचनामा किंवा अटकेच्या मेमोवर सही लागते. तिथं लिपी वाचता येत नसेल, तर सहीच्या वर आपल्या अक्षरात तसं लिहावं.

फोनचं थोडक्यात. मार्च २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं वीरेंद्र खन्ना प्रकरणात म्हटलं, की तपास अधिकारी स्वतःच्या अधिकारात पासवर्ड द्यायला भाग पाडू शकत नाही. न्यायालयाचा आदेश किंवा झडतीचं वॉरंट हवं. अगदी तातडीचा अपवाद आहे, पण त्याचीही कारणं लिहावी लागतात. रस्त्यावर उभं करून चॅट चाळणाऱ्या शिपायाला हे लागू होतं की नाही, हे वाचकांनीच ठरवावं.

रस्त्यावर अडवण्याचंच एक उदाहरण. डिसेंबर २०२२ मध्ये बंगळुरात एक जोडपं वाढदिवसाहून रात्री चालत घरी निघालं होतं. रात्री अकरानंतर रस्त्यावर फिरायला बंदी आहे, असं सांगून गस्तीवरच्या पोलिसांनी त्यांच्याकडून हजार रुपये घेतले. असा नियमच नव्हता. पैसे क्यूआर कोडवर घेतले होते. म्हणजे लाचेची पावती घेणाऱ्यांनीच तयार करून ठेवली. बोभाटा झाला आणि संपिगेहळ्ळी ठाण्याचे दोघे निलंबित झाले.

कोठडीतल्या कुणालाही, आणि स्त्रियांना तर एरवीही, उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. ठाण्यांत कॅमेरे लावून चित्रण जपून ठेवावं, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधल्या परमवीर सिंह सैनी निकालातला. म्हणून ठाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना घड्याळ बघून वेळ टिपून ठेवावी; पुढे ते चित्रण मागायचं झालं तर अर्जात तारीख आणि तास दोन्ही लिहावे लागतात.