हाडांतील बांधकाम आणि पाडकाम

न्हाणीघरात पाय घसरला आणि आजींचे खुब्याचे हाड मोडले, असे आपण म्हणतो. पुष्कळदा पडणे हे केवळ निमित्त असते. हाड आतून आधीच विरळ झालेले असते. यालाच अस्थिसुषिरता म्हणतात.

हाड ही जिवंत ऊती आहे. अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवतात आणि अस्थिजनक पेशी तेथे नवे हाड घालतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा बदलला जातो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटले की पाडकाम बांधकामाच्या पुढे जाते. मग हा तोल सांभाळणारे रेणू कोणते?

पहिला रेणू 'रँक-एल'. हे प्रथिन भंजक पेशींच्या पूर्वज पेशींवरील ग्राहीला चिकटते आणि त्यांच्यापासून भंजक पेशी तयार होतात. शरीरच त्याला आवर घालते. 1997 मध्ये सापडलेले ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन रँक-एलला मधल्यामध्ये पकडून ठेवते. हीच युक्ती वापरून डेनोसुमॅब हे प्रतिपिंड बनवले गेले. 2010 पासून ते वापरात आहे. त्याचे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा देतात.

दुसऱ्या रेणूचा माग दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकानर कुटुंबांत लागला. तेथे आढळणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक विकारात हाडे जाड होतात आणि सहसा मोडत नाहीत. मात्र कवटी जाड झाल्याने मज्जातंतू दाबले जाऊन बहिरेपणा येतो. या रुग्णांत एक जनुक निकामी असते, हे 2001 मध्ये कळले. त्या जनुकापासून बनणारे स्क्लेरोस्टिन हे प्रथिन म्हणजे बांधकामाला लावलेला ब्रेक! हाडात गाडल्या गेलेल्या अस्थिपेशी ते स्रवतात. हा ब्रेक सैल करणारे रोमोसोझुमॅब हे प्रतिपिंड 2019 मध्ये मान्य झाले. ते महिन्यातून एकदा, फक्त वर्षभर देतात. गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आलेल्यांना ते देत नाहीत.

तोल बिघडवणे सोपे, राखणे अवघड. डेनोसुमॅब मध्येच थांबवले, तर पाडकाम उसळते आणि मणके मोडू शकतात. म्हणून त्यापाठोपाठ दुसरे औषध द्यावे लागते. भंजक पेशींचे कॅथेप्सिन-के हे विकर रोखणाऱ्या ओडानाकॅटिबने अस्थिभंग कमी केले, पण पक्षाघाताचा धोका वाढला. 2016 मध्ये ते सोडून द्यावे लागले.

आपल्या वर्गाशी याचा संबंध काय? हाडावर भार पडला की अस्थिपेशी स्क्लेरोस्टिन कमी स्रवतात. म्हणजे धावणे, दोरीवरच्या उड्या, लंगडी यांनी हाच ब्रेक औषधाविना सैल होतो. हाडांची पुंजी साधारणपणे तिशीपर्यंतच वाढते आणि तिचा मोठा भाग शाळेच्या वयात साठतो. म्हणून खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्यापूर्वी, विशेषतः मुलींच्या बाबतीत, आपण दोनदा विचार करावा. दूध, नाचणी आणि ऊनही हवेच. आजींचे हाड मोडू नये याची तयारी त्या शाळकरी असतानाच करायची असते.