फळमाशीचे डावे-उजवे

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी फळमाशी, म्हणजे ड्रोसोफिला, बाहेरून पाहिली तर डोळे, पंख, पाय दोन्ही बाजूंना सारखेच दिसतात. पोटात मात्र तसे नाही. अंड्यात वाढणाऱ्या भ्रूणाचे मागचे आतडे आधी शरीराच्या मध्यरेषेवर, पोटाच्या बाजूला वाकलेले असते. मग ते स्वतःच्या अक्षाभोवती 90 अंशांनी फिरते आणि त्याचा बाक उजवीकडे येतो. नराचे जननांग तर कोषावस्थेत पूर्ण 360 अंश फिरते, तेही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पिढ्यान्‌पिढ्या ही दिशा ठरलेली आहे. डोके कुठे आणि शेपूट कुठे, पाठ कोणती आणि पोट कोणते, हे ठरवणाऱ्या जनुकांचा शोध ज्यांच्या कामातून लागला, त्यांना 1995 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आई माशी अंड्याच्या पुढच्या टोकाला ‘बायकॉइड’ जनुकाचा संदेश ठेवते आणि तिथे डोक्याचा भाग घडतो. पाठ-पोटाची सोयही आईकडूनच होते. डाव्या-उजव्यासाठी अशी खूण अंड्यात ठेवलेली सापडली नाही. ती सापडत नाही, कारण बहुधा तिची गरजच नाही. डावे-उजवे हा बाहेरून आलेला निरोप नसून पेशी ज्या रेणूंनी बनते त्यांच्या घडणीतलाच पीळ आहे, असे फळमाशीवरचे पुरावे सांगतात.

त्यांतला पहिला भक्कम पुरावा 2006 साली आला. फ्रान्समध्ये स्टेफान नोसेली आणि जपानमध्ये केंजी मात्सुनो यांच्या गटांनी ‘नेचर’च्या एकाच अंकात एकाच जनुकाची माहिती दिली. या जनुकापासून मायोसिन 1डी हे प्रथिन बनते. पेशीचा सांगाडा ॲक्टिनच्या तंतूंचा असतो आणि या तंतूंना ढकलणारी ही एक रेणूमय मोटर आहे. जनुक बिघडले की आतड्याचा बाक डावीकडे जातो आणि जननांग उलटे फिरते. 2011 साली मात्सुनोंच्या गटाने त्यामागची यांत्रिकी दाखवली. आतडे फिरताना पेशी नव्याने विभागत नाहीत की मरत नाहीत. फिरण्याआधीच त्यांच्या कडा एका विशिष्ट बाजूला कललेल्या असतात. हा कल सरळ होत जातो, तशी अख्खी नळी पीळ घेते. काथ्याच्या बारीक पिळातून सुंभाचा पीळ तयार व्हावा, तसे हे आहे. मायोसिन 1डी नसेल तर पेशींचा कल उलटतो आणि आतडेही उलटे वळते.

इथे कोणी म्हणेल, जनुक बिघडल्यावर दिशा उलटते, डावे-उजवेपण नाहीसे होत नाही. मग हे प्रथिन नुसती कळ फिरवते, पीळ मूळचा दुसऱ्याच कशाचा असेल. शंका रास्त आहे. तिला उत्तर 2018 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या नोसेलींच्या गटाच्या प्रयोगाने दिले. अळीच्या त्वचेत एरवी असा पीळ नसतो. त्या त्वचेत मायोसिन 1डी तयार होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा अळीचे अख्खे शरीर पिळले गेले. श्वासनलिकांमध्ये ते बनवले तर त्याही पिळल्या. मायोसिन 1सी या त्याच्या भाऊबंदाने उलट दिशेचा पीळ घातला. एवढेच नव्हे, पेशीबाहेर काचेवर पसरलेल्या मायोसिन 1डीवरून ॲक्टिनचे तंतू सोडले, तर ते सरळ न जाता गोलाकार वळत गेले. म्हणजे जिथे पीळ नव्हता तिथे तो आणण्याची ताकद या एकट्या प्रथिनात आहे. त्याला नुसती कळ म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. उंदराच्या भ्रूणात पेशींवरचे सूक्ष्म केस गरगर फिरून द्रवाचा प्रवाह डावीकडे नेतात आणि त्यातून हृदयाची बाजू ठरते, हे 1998 पासून माहीत आहे. माणसात हे केस जन्मतः निकामी असले, तर सुमारे निम्म्या रुग्णांचे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात. फळमाशीच्या भ्रूणात असे फिरणारे केस नाहीत. मग माशीची गोष्ट माशीपुरतीच नाही का? नाही. कोंबडीच्या भ्रूणातही हे काम केसांच्या प्रवाहावर सोडलेले नाही, तिथे पेशीच डावीकडे सरकतात. झेब्राफिश आणि बेडूक यांच्यात फिरणारे केस आहेत, तरी मायोसिन 1डी काढले की त्यांचेही डावे-उजवे बिघडते, हे 2018 मध्येच दिसले. शिवाय केस एकाच दिशेने फिरतात तेही त्यांच्या आतल्या प्रथिनांची रचना एकाच बाजूची असते म्हणून. द्रवाचा प्रवाह हा त्या पिळाला मोठे करणारा एक मार्ग झाला, पिळाचा उगम नव्हे. केसांचा गुंता नसल्यामुळे माशीत हा उगम उघडा दिसतो, इतकेच.

म्हणून फळमाशीला या विषयातला अपवाद मानणे चूक आहे. पाठ्यपुस्तकांत डाव्या-उजव्याचे प्रकरण उंदराच्या केसांपासून सुरू होते. ते मायोसिन 1डीपासून सुरू व्हायला हवे.