चिक्कीला चॉकलेटचं पांघरूण

संक्रांत जवळ आली की आमच्या भोकरदनला घरोघरी गुळाच्या पाकाचा वास सुटतो. यंदा मात्र आमच्या तेरा वर्षांच्या लेकीनं आजीची शेंगदाण्याची चिक्की बाजूला सारली. तिला हवी चॉकलेटची! वर ऐटीत म्हणते कशी, "आई, हिच्यात पण दाणे-गूळच असतो. रक्त वाढतं."

मी गप्पच झाले. महिन्यापूर्वी तिचं हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं होतं. या वयाला निदान १२ हवं. "चिक्की खा, रक्त वाढेल" हे शिकवलं कुणी? मीच की!

चष्मा लावून पाकीट वाचलं. जो जिन्नस सर्वांत जास्त, तो यादीत पहिला लिहायचा असा नियम आहे. पहिली साखर, मग वनस्पती तूप, दाणे तिसरे! कोको नावापुरता.

मग घरच्या चिक्कीचाही हिशेब मांडला. दाणे-गूळ निम्मेनिम्मे धरले तर ३० ग्रॅमच्या वडीत साधारण चार ग्रॅम प्रथिनं नि १४० कॅलरी. मधल्या सुट्टीला छानच. पण लोह? जेमतेम एक-सव्वा मिलिग्रॅम. या वयाच्या मुलीला रोज लागतं ३०! म्हणजे चिक्की हा खाऊ आहे, औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळीसुद्धा. (आमच्या बाईसाहेबांनी ती दप्तरातच साठवली होती!) जेवणानंतर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही. लिंबू, पेरू, आवळा मात्र जरूर द्यावा.

चॉकलेटचा हट्टही पुरवला. वाटीभर भाजून सोललेले दाणे, पाऊण वाटी चिक्कीचा गूळ, चमचाभर तूप. खवट, बुरशी धरलेला दाणा आधीच वेचून टाकावा, त्याचं विष भाजूनही जात नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर टणक होऊन कट्कन मोडला की दाणे घालावेत. तूप लावलेल्या पोळपाटावर पातळ लाटून गरम असतानाच वड्या कापाव्यात. चॉकलेट गरम पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात वितळवावं. पाण्याचा थेंब पडला तर गोळा झालाच म्हणून समजा. गार वडीचं एकच टोक त्यात बुडवायचं.

सासूबाईंनी वडी उलटसुलट करून पाहिली नि म्हणाल्या, "आधी गोळी घे म्हणावं, मग हे टोक."